जोडनोकरी धरण्याआधी तिची पट्टी काढा

मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल विकला की गाळ्यावरून त्याला एक कागद मिळतो. त्याला पट्टी म्हणतात. वर मालाचं वजन, दहा किलोचा भाव आणि झालेली रक्कम. पालेभाजी असेल तर जुड्या शेकड्यावर. त्याखाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. तळाशी जे उरतं ते शेतकऱ्याचं. सत्तावीस महिने मी रोज पहाटे अशा पट्ट्या लिहिल्या. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका गाळ्यावर दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारा, होतो आणि दिवसा नऱ्ह्यात एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. हौस म्हणून नव्हे, डोक्यावर ३ लाख ७३ हजार ५०० रुपयांचं कर्ज होतं म्हणून.

जून २०२४ मध्ये ते फिटलं. तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण विचारून गेले, "कसं केलंस?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. यात माझ्या चुकाही आहेत, त्या गाळलेल्या नाहीत.

आधी वही

जोडनोकरी शोधायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि सगळी देणी एका पानावर लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहा. मी पहिल्यांदा एकट्यानं लिहिलं तेव्हा मेव्हण्याचे हातउसने घेतलेले ४० हजार "सोयीस्कर" विसरलो होतो. बायकोनं मागून डोकावून विचारलं, "अहो, दादाचे कुठे आहेत यात?"

मे २०२२ अखेरचं माझं पान असं होतं. वैयक्तिक कर्जाचे १,८७,५०० बाकी, व्याज १६ टक्के, हप्ता ६,०७९, चाळीस हप्ते शिल्लक. सप्टेंबर २०२० मध्ये वडील कोविडनं दवाखान्यात होते तेव्हा घेतलेलं हे कर्ज. ते बरे झाले, कर्ज राहिलं. क्रेडिट कार्डाचे ७४,०००. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून घेतलेले ६०,०००, व्याज १२ टक्के. मेव्हण्याचे ४०,०००, बिनव्याजी. आणि एका मोबाइल ॲपवरून दहा मिनिटांत घेतलेले, पण दहा महिने छळणारे १२,०००.

रकमेपुढे चार रकाने हवेत: व्याजाचा दर, महिन्याला किती जातं, त्यातलं व्याज किती आणि मुद्दल किती. शेवटचे दोन रकाने भरले की डोळे उघडतात. माझ्या कार्डाला महिना ३.५ टक्के व्याज होतं. ७४ हजारांवर २,५९० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ४६६. म्हणजे महिन्याला ३,०५६ नुसतं व्याजात. मी इमानदारीत "किमान देय" रक्कम भरत होतो, ३,७००. त्यातले मुद्दलात ६४४. वर्षभर मी कार्ड "फेडतोय" असं समजत होतो.

कार्डाची दुसरी मेख कुणी सांगत नाही. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी सवलतीचं गणित लागू होत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू. मी त्याच कार्डावर महिन्याचा किराणा भरत होतो. तूरडाळीवर वर्षाला ४२ टक्के व्याज भरणारा माणूस मीच.

त्या संध्याकाळी कात्रीनं कार्ड कापलं. कार्ड कापलं म्हणजे खातं बंद होत नाही, पण हात थांबतो.

नोकरीची पट्टी

दुसरी नोकरी किती देते हे तिच्या पगारावरून कळत नाही. तिची पट्टी काढावी लागते.

माझा मामेभाऊ पुरंदरहून वाटाणा आणि अंजीर घेऊन यार्डात येतो. त्यानं शेठना सांगून मला लावलं. पहाटे साडेचार ते साडेआठ, शनिवारी बाजार बंद, महिना ९ हजार. ऐकायला बरं वाटलं. पहिल्या महिन्यानंतर पट्टी लिहिली. धायरीहून यार्ड आणि तिथून नऱ्हे, म्हणजे रोज साधारण २० किलोमीटर जास्तीची गाडी. २६ दिवसांचे ५२० किलोमीटर. माझी गाडी ४५ चं ॲव्हरेज देते, पेट्रोल त्या वर्षी १०६ रुपयांच्या आसपास, झाले १,२२५. पहाटे चहा आणि पोह्याशिवाय पेन चालत नाही, रोजचे ३० धरले तर ७८०. ९,००० वजा २,००५, हातात ६,९९५. सात हजार म्हणू.

तास १०४. तासाला ६७ रुपये.

हा आकडा कमी वाटतो, आहेच. पण मी तो मान्य करून काम धरलं, कारण दोन गोष्टी पट्टीत लिहिता येत नव्हत्या. एक, येताना पिशवीत उरलेली भाजी यायची, घरचा भाजीचा खर्च महिन्याला सात-आठशेनं खाली आला. दोन, हे काम माझ्या दिवसाच्या नोकरीच्या आधी संपायचं. संध्याकाळी ट्यूशन किंवा डिलिव्हरी घेतली असती तर वर्कशॉपमध्ये उशीर झाला की तिकडे दांडी. पहाट कुणी खात नाही.

तुमची पट्टी वेगळी असेल. डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी पेट्रोलबरोबर टायर, ऑइल आणि गाडीची सर्व्हिसिंग वजा धरावी. घरून पोळ्या किंवा डबे देणाऱ्या बायका गॅस धरतात, स्वतःचे हात धरत नाहीत, तेही धरा. आणि ज्या "कामाला" आधी नोंदणी फी, किट किंवा ठेव भरावी लागते, त्याची पट्टी काढण्याचीही गरज नाही. तिथून उठून या. मोबाइलवर "व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा" म्हणणाऱ्यांनी आमच्या वर्कशॉपमधल्या एकाचे २२ हजार नेले. त्यालाही कर्जच फेडायचं होतं.

पट्टीत एक शेवटची ओळ टाका: ही नोकरी कधी सोडणार. माझ्या वहीत लिहिलं होतं, "दिवाळी २०२४". बेमुदत दुसरी नोकरी करायला निघालात तर तिसऱ्या महिन्यात घरखर्च तिच्याएवढा फुगतो आणि मग ती सोडताच येत नाही.

पहिल्या नोकरीला विचारून घ्या

नेमणूकपत्र बाहेर काढा. खाजगी नोकरीत बहुतेक वेळा एक कलम असतं की लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे काम करणार नाही. माझ्यात होतं, आणि सात वर्षं मी ते वाचलेलं नव्हतं. मी मालकांना दोन ओळींचा अर्ज दिला: कामाचं स्वरूप हिशेब लेखन, वेळ सकाळी साडेआठपर्यंत, आपल्या धंद्याशी संबंध नाही. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यात सही केली. ती झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियमांखाली पूर्वपरवानगीशिवाय खाजगी नोकरी-धंदा करता येत नाही, तो धोका पत्करू नका. कारखान्यात कामगार असाल तर त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करायला कायद्यानंच आडकाठी आहे.

प्राप्तिकराचं थोडक्यात. दोन्हीकडचं उत्पन्न एकत्र धरूनच विवरणपत्र भरायचं असतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सवलतीमुळे कर पडत नाही. त्यामुळे माझ्यासारख्या पगाराच्या माणसाला भ्यायचं कारण नाही, पण विवरणपत्र भरायचं टाळू नका. दुसरीकडून पगाराऐवजी फी म्हणून पैसे मिळत असतील आणि त्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, कापला जात असेल, तर तो परत मिळवायचा रस्ता विवरणपत्रातूनच जातो. तेव्हा आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या. जुलै संपायच्या आत एखाद्या कर सल्लागाराला पाच-सातशे द्या आणि मोकळे व्हा.

तो पैसा घरात आणू नका

सगळ्या लिखाणात एवढंच वाचायचं असेल तर हे वाचा.

एप्रिल २०२२ मध्ये काम सुरू केलं. एक मेला शेठनी ९ हजार रोख दिले. मी ते खिशात घालून घरी गेलो. २० तारखेला त्यातले चारशे उरले होते. कुठे गेले? गॅस सिलिंडर, मुलीची सहावीची पुस्तकं आप्पा बळवंत चौकातून, एक रविवारचं मटण, चुलत बहिणीच्या मुलाच्या मुंजीचा आहेर, गाडीचा क्लच. यातली एकही गोष्ट उधळपट्टी नव्हती. हीच तर पंचाईत आहे. वायफळ खर्चाला नाही म्हणता येतं, रास्त खर्चाला कसं म्हणणार?

महिनाभर पहाटे साडेतीनला उठलो होतो आणि कर्ज एका रुपयानं हललं नव्हतं. त्या रात्री बायको म्हणाली, "हे पैसे तुम्ही घरात आणूच नका. गल्ल्यात असतात ना शेतकऱ्यांचे, तसे समजा."

ती बरोबर बोलत होती. पहाटे माझ्या समोरच्या गल्ल्यात दोन-अडीच लाख असायचे. त्यातली एक नोट माझी आहे असं कधी मनातही आलं नाही, कारण प्रत्येक रकमेला आधीच कुणाचं तरी नाव होतं. पट्टीवर लिहिलेलं नाव. मग माझ्या ९ हजारांनाही आधीच नाव द्यायचं ठरलं.

प्रत्यक्षात असं केलं. पगाराचं खातं ज्या बँकेत होतं ती सोडून दुसऱ्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत बेसिक सेव्हिंग खातं उघडलं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. एटीएम कार्ड आलं ते बायकोनं साडीच्या घडीत ठेवलं. कोणत्याही यूपीआय ॲपला ते खातं जोडलं नाही. हे फार महत्त्वाचं, कारण आता पैसे जातात ते स्कॅन करून. दर महिन्याच्या एक तारखेला यार्डातून निघाल्यावर नऱ्ह्याच्या वाटेवर बँकेचं पैसे भरायचं मशीन लागतं. पेट्रोल-चहाचे दोन हजार वेगळे काढून उरलेले सात तिथे भरायचो, हेल्मेट न काढता. त्याच रात्री नेटबँकिंगवरून एनईएफटीनं ते त्या महिन्याच्या देण्याकडे. सेव्हिंग खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला पैसे पडत नाहीत आणि ते रात्रीबेरात्रीही जातं. एक तारखेला आलेला पैसा दोन तारखेला माझ्याकडे नसायचा.

जुन्या पगारातून जे जात होतं ते तसंच चालू ठेवायचं, ही दुसरी बाजू. कार्डाचे ३,७०० मी पगारातूनच भरत राहिलो. बाकी खाली आली तसं बँकेचं "किमान देय" दोन हजार, मग हजार झालं, पण मी ३,७०० च भरले. घरखर्चाला त्या ३,७०० शिवाय जगायची सवय झालेली असते, ती मोडायची नाही.

आणि अडीअडचणीला? सगळं कर्जाला लावलं आणि पोराला ताप आला की पुन्हा उसनवारी. बायकोची भिशी होती, बारा जणींची, महिना हजार. जुलैत तिचा नंबर लागला. ते १२ हजार कर्जाला लावायचा मोह मला झाला, तिनं लावू दिले नाहीत. ते वेगळे राहिले म्हणून सत्तावीस महिन्यांत नवं कर्ज झालं नाही. दोनदा वापरले, दोनदा भरून काढले. तुमच्याकडे भिशी नसेल तर पहिल्या दोन महिन्यांची जोडकमाई अशी बाजूला ठेवा आणि तिसऱ्या महिन्यापासून फेड सुरू करा.

कुणाचे आधी

गणित सांगतं, ज्याचं व्याज सर्वांत जास्त त्याचं आधी. मी बहुतेक तसंच केलं. एक अपवाद सुरुवातीला, दोन मध्ये.

ॲपचे १२ हजार सर्वांत आधी मिटवले, कारण वसुलीवाले स्टोअरच्या फोनवर यायला लागले होते. नंतर कळलं, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, शिवीगाळ किंवा नातेवाइकांना फोन तर नाहीच. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. हे तेव्हा माहीत असतं तर मी आधी कार्डाकडे वळलो असतो.

जुलैमध्ये ॲप संपलं, उरलेले दोन हजार कार्डात. ऑगस्टपासून कार्डाला महिन्याला ३,७०० अधिक ७,०००, म्हणजे १०,७००. दिवाळीला शेठनी ८ हजार बोनस दिला, तोही तिकडेच गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कार्डाची बाकी शून्य. जिथे महिन्याला ६४४ रुपये मुद्दल कमी होत होतं तिथे नऊ महिन्यांत सगळं संपलं. जादूबिदू काही नाही. व्याज भागवून उरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दल कापतो, आणि मुद्दल कापलं की पुढच्या महिन्याचं व्याज आपोआप घटतं.

इथे माझी मोठी चूक सांगतो. कार्डाची बाकी हप्त्यांमध्ये बदलून देण्याची सोय बहुतेक बँका देतात आणि तिचं व्याज कार्डाच्या नेहमीच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असतं. मला हे जानेवारीत समजलं, जेव्हा दहा हजार राहिले होते. तुम्ही पहिल्याच दिवशी फोन करून विचारा. प्रक्रिया शुल्क किती, मध्येच फेडलं तर दंड किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि कार्ड कापलेलं असेल तरच हे करा, नाहीतर रिकामी झालेली मर्यादा दसऱ्याला पुन्हा भरते.

मधल्या काळात एका वसुली एजंटनं "निम्म्यात मिटवून देतो" असा फोन केला होता. भुरळ पडते. पण सेटलमेंट केलं की सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या, अहवालात ते खातं "क्लोज्ड" न दिसता "सेटल्ड" दिसतं, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँकेचा अधिकारी त्याच शब्दावर बोट ठेवतो. हप्ते भरायची ताकद अजिबातच उरली नसेल तर तो मार्ग आहे. हात चालत असतील तर नको.

मार्च २०२३ पासून महिन्याला १०,७०० मोकळे. गणितानं १६ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज आधी. मी सहा महिने थांबलो आणि १२ टक्क्यांच्या पाटल्या आधी सोडवल्या. ऑगस्टमध्ये पूर्ण झालं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला आले, गौरी त्यानंतर. गौरींना हळदीकुंकू लावताना बायकोच्या हातात पाटल्या होत्या. यात मी काही हजार जास्तीचं व्याज भरलं असेन. तिच्या भिशीनं आणि तिच्या एका वाक्यानं मला किती वाचवलं ते मात्र कुठल्या रकान्यात लिहिणार?

पाटल्या सुटल्या तसे व्याजाचे ६०० वाचले. त्याच सुमाराला शेठकडे पगारवाढ मागितली. दीड वर्षात पट्टीत एकही बेरीज चुकली नव्हती, हे मागताना उपयोगी पडलं. एक हजार वाढले. आता महिन्याला १२,३००. नोव्हेंबरपर्यंत मेव्हण्याचे ४० हजार दिले. ते शेवटी देता आले असते, बिनव्याजी होते. पण त्याच्या मुलीचा इंजिनीअरिंगचा खर्च सुरू झाला होता आणि तो मागत नव्हता. न मागणाऱ्याचे पैसे जास्त टोचतात.

वैयक्तिक कर्जाचा हिशेब निराळा

हप्त्याच्या कर्जात व्याज सुरुवातीला जास्त आणि शेवटाकडे कमी असतं. म्हणून मुदतीआधी फेडायचं असेल तर जितकं लवकर तितका फायदा. उशिरा फेडलं तर वाचण्यासारखं व्याजच उरत नाही.

बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक कर्ज असेल तर मुदतपूर्व फेडीला शुल्क लागत नाही. माझं स्थिर दराचं होतं, करारात ४ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी. काही करारांत ठरावीक हप्ते भरल्याशिवाय जास्तीची रक्कम घेतच नाहीत. तुमच्या कागदांत काय आहे ते पाहा. शाखेत तोंडी विचारू नका, फोरक्लोजर लेटर मागा. त्यावर किती तारखेपर्यंत किती भरायचे ते छापून येतं.

माझ्या करारात अधूनमधून थोडं-थोडं भरायची सोय महाग होती, म्हणून महिन्याचे १२,३०० मी त्याच बेसिक खात्यात साठवले. जून २०२४ मध्ये ८७,२०० जमले. कर्जाची बाकी ८२,१५४, शुल्क आणि जीएसटी ३,८७८, एकूण ८६,०३२. पंधरा हप्ते उरले होते, त्यांत व्याज ९,०३१ गेलं असतं. शुल्क वजा जाता वाचले ५,१५३. हेच मार्च २०२३ मध्ये जमलं असतं तर १,५३,५०० बाकीवर शुल्क ७,२४५ आणि वाचलेलं व्याज ३४,९०० च्या घरात. फरक पाहा. म्हणून ज्यांच्याकडे एकच मोठं वैयक्तिक कर्ज आहे, त्यांनी जोडकमाई पहिल्या वर्षीच त्यावर ओतावी. शेवटचं वर्ष राहिलं असेल तर दुसरी नोकरी सोडून निवांत हप्ते भरत राहिलेलंही चालतं. मी भरून टाकलं, कारण मला झोपायचं होतं.

झोप

शनिवारी बाजार बंद, तर वर्कशॉप चालू. रविवारी वर्कशॉप बंद, तर यार्डात सर्वांत मोठी आवक. सत्तावीस महिन्यांत पूर्ण सुट्टीचा दिवस मिळाला नाही. हे नोकरी धरण्याआधी कॅलेंडर घेऊन बघायला हवं होतं. तुम्ही बघा.

रात्री नऊला अंथरूण, हा नियम पाळला नाही तर दुसऱ्या दिवशी किंमत मोजावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये एका लग्नाहून अकराला परतलो आणि तसाच पहाटे निघालो. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं, बॅरिकेड रोज जागा बदलायचे. एकाला घासून पडलो. गुडघा सोलला, आरसा गेला, बाकी वाचलो. त्याच आठवड्यात स्टोअरमध्ये ४०० नगांची पावती ४,००० नगांची केली. मालकांनी ती मला न ओरडता परत दिली, ते जास्त लागलं. त्यानंतर शेठना सांगून महिन्यातले दोन दिवस बिनपगारी सुट्टी घ्यायला लागलो. त्यापायी जाणारे सातशे रुपये उरलेल्या भाजीनं घरात भरून निघायचे, कर्जाच्या सात हजारांना हात लावला नाही.

मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून मगच रात्रीचं-पहाटेचं काम. औषधावर गेलेले पैसेही पट्टीतच वजा होतात.

फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक कर्जाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, शिक्क्यासकट. हप्ता आपोआप कापण्याची, म्हणजे ऑटो-डेबिटची, सूचना रद्द झाली का ते आपल्या बँकेत बघा. माझ्या खात्यातून जुलैचा हप्ता कापला गेला होता, नऊ दिवसांनी परत आला. कार्ड नको असेल तर ते बंद करण्याची लेखी विनंती करा. बाकी शून्य असताना बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं असतं, नाहीतर दंड म्हणून बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. ही ओळ मी ईमेलमध्ये लिहिली आणि कार्ड चौथ्या दिवशी बंद झालं.

दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मी ऑगस्ट २०२४ मध्ये काढला. वैयक्तिक कर्ज, कार्ड, सोनेतारण, तिन्ही बंद. ज्या ॲपचे १२ हजार मी सर्वांत आधी, दोन वर्षांपूर्वी, फेडले होते ते मात्र चालू आणि थकीत दिसत होतं. पैसे भरल्याची पावती मोबाइलमध्ये होती आणि तिची छापील प्रत वहीतही चिकटवलेली होती. ऑनलाइन हरकत नोंदवली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झाला होता. एकविसाव्या दिवशी दुरुस्ती झाल्याचा मेसेज आला. पावतीवरचा डिंक वाळून पिवळा पडला आहे, पण ते पान मी वहीतून काढलेलं नाही.